अकरा ड्रॉवरचा फर्मा

त्या रविवारी दुपारच्या आत अकरा ड्रॉवरना अकरा हँडलं नीट बसली असती, तर माझ्या बायकोला, शालनला, तिचं स्वयंपाकघर मिळणार होतं, तात्यांना त्यांचं कामाचं टेबल परत मिळणार होतं, आणि मला मिळणार होतं तात्यांच्या तोंडचं एक "जमलं की." तिघांत माझं येणं सगळ्यांत कमी आणि हाव सगळ्यांत जास्त.

"पावणं, कान हिकडं द्या," तात्या म्हणाले. ओट्यापाशी स्टुलावर बसून त्यांनी एक हँडल मांडीवर आडवं धरलं होतं. "हँडल बसवायचं तर आधी फर्मा करायचा. प्लायची एक पट्टी घ्यायची. तिला वरच्या अंगाला एक ठोकळी मारायची, म्हणजे ती ड्रॉवरच्या काठावर बसंल, खाली-वर हलायची न्हाई. मधोमध एक रेघ. रेघेच्या दोन्ही अंगाला एक-एक भोक. बास. फर्मा ड्रॉवरवर ठेवायचा, भोकातनं ड्रिल मारायचं, उचलायचा, पुढच्यावर ठेवायचा. डोकं एकदाच चालवायचं, मग नुस्ता हात."

"म्हणजे मोजायचं एकदाच?"

"एकदाच. फर्मा बरोबर तर सगळं बरोबर." ते हसले. "आन् चुकला तर एक बी भोक वेगळं चुकणार न्हाई. समदी सारखी."

तात्या म्हणजे माझे सासरे, शामराव सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पन्नास वर्षं त्यांनी पॅटर्न केले. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, वाळूत त्याचा साचा घेतात, मग त्यात रस ओततात. त्या नमुन्याला तिथं पॅटर्न म्हणतात. पंपाच्या पोटातल्या गोगलगायीसारख्या वळणाचा पॅटर्न तात्या नुसत्या पटाशीनं काढत. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या चुका शोधून तांबड्या शाईनं गोल करणं हा माझा व्यवसाय. स्वतःच्या हातानं मी आयुष्यात एकच गोष्ट केली होती. कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकला होता. दिवाळसणाचं बोलावणं घेऊन आले तेव्हा तात्यांनी तो दोन बोटांनी काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "कागदी पावणं, ह्यो ठेवा जपून." ते नाव चौदा वर्षं टिकलं. खिळा एक दिवसही टिकला नाही.

तर त्या वर्षी तात्या सांगलीला आमच्याकडे राहायला आले होते. आले होते म्हणजे पाठवले होते. एका पंपाचा पॅटर्न चुकला, त्यावरून ओतलेले नग मापात बसेनात, गिऱ्हाइकानं सगळा माल परत केला. कारखाना आता माझा मेहुणा विलास बघत होता. तो म्हणाला, "तात्यांनी भलतीच पट्टी धरली. नजर गेली त्यांची. आता आराम करू द्या." तात्यांनी हत्यारांची पेटी उचलली आणि एस.टी.त बसले.

पट्टी ती पट्टी, ती भलती कशी असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं होतं. पण सासरच्या धंद्यात जावयानं तोंड घालू नये, म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

शालनचा बेत सरळ होता. आमच्या नव्या स्वयंपाकघराचं सगळं झालं होतं, फक्त हँडलं राहिली होती, कारण मिस्त्रीनं आणलेली तिला पसंत पडली नव्हती. तिनं पुण्याहून दुसरी आणली, लांबलचक, स्टीलची, तोवर मिस्त्री जोतिबाच्या यात्रेला निघून गेला. पंधरा दिवस ती उलथन्याचं टोक फटीत घालून ड्रॉवर उघडत होती. विलासला तिनं रविवारी रसाचं जेवायला बोलावलं.

"तात्यांना बसवू द्या हँडलं," ती मला म्हणाली होती. "विलास आला की बघंल. अकरा हँडलं एका रेषेत दिसली की बोलायला लागणार नाही. तोच म्हणंल, चला घरी. तात्या इथं नुसते बसून राहतात, मला बघवत नाही हो."

"आणि मी?"

"तुम्ही ड्रॉवर धरा."

रविवारी सकाळी फर्म्याचं सगळं समजावून झाल्यावर तात्यांनी गालावरून हात फिरवला. "दाढी करून येतो. पोरगं येणार, त्याला म्हातारं दिसायला नगं. आल्यावर करू फर्मा."

"मी प्लायचा तुकडा कापून ठेवतो," मी म्हणालो.

"ठेवा. भोकं मात्र मी आल्याबिगर पाडू नका."

रविवारची सलूनमधली गर्दी मला माहीत होती. दीड तास तरी नक्की. शालन गॅलरीत आंबे पिळत होती. आणि माझ्यासमोर सोप्यातलं सोपं काम पडलं होतं: एक पट्टी, एक ठोकळी, एक रेघ, दोन भोकं. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढं येऊ नये? तात्या परत येतात, बघतात तर काय, अकराच्या अकरा ड्रॉवरना भोकं तयार. ते माझ्याकडे बघतात. मान डोलावतात. त्या "जमलं की"चा आवाज मला आत्ताच ऐकू यायला लागला होता.

हँडलाच्या खोक्यावर छापलं होतं, दोन भोकांमधलं अंतर ३२०. मिलिमीटर. मी तात्यांची पेटी उघडली, वरच्याच कप्प्यात पोलादी पट्ट्या होत्या, त्यातली चांगली लांब एक उचलली. पेन्सिलला टोक केलं. मधली रेघ मारली, दोन्हीकडे एकशे साठ-एकशे साठ मोजलं, मग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तीनशे वीस भरतात ना ते पुन्हा पाहिलं. भरत होते. तिसऱ्यांदाही पाहिलं. माझ्या खात्यातही एखाद्या आकड्याची तीनदा पडताळणी होत नाही. हँडल तिथंच, हाताच्या अंतरावर पडलं होतं. ते उचलून फर्म्यावर ठेवावं, हे काही मनात आलं नाही. वस्तू समोर असताना कागदावरचा आकडा धरायचा, हा आमच्या खात्याचा धर्म.

मिस्त्रीचं ड्रिल इथंच राहिलं होतं. पहिला ड्रॉवर. ठोकळी काठावर बसली, घर्रर्र, दोन भोकं. लाकडाचा भुसा ओट्यावर पडला आणि मला एकदम मिस्त्री झाल्यासारखं वाटलं. मी कानामागं पेन्सिलसुद्धा खोवली.

आता शहाणा माणूस पहिल्या ड्रॉवरला हँडल लावून बघतो. मी पडलो शिस्तीचा. आधी सगळ्या कागदांवर शिक्के, मग सगळ्या कागदांवर सह्या. एकेक कागद पुरा करत बसलं की वेळ जातो. मी एका दमात अकरा ड्रॉवर उरकले. बावीस भोकं. लांब उभं राहून पाहिलं. काय रेषा होती! दोरी धरल्यासारखी.

मग पहिलं हँडल घेतलं. एका बाजूचा स्क्रू गेला. दुसऱ्या बाजूचा जाईना. भोक हँडलाच्या पायापासून बाहेर सरकलेलं. मी हँडल उलटं केलं. हँडल दोन्हीकडून सारखंच होतं, पण माणूस अशा वेळी करून बघतो. दुसऱ्या ड्रॉवरवर गेलो. तिथंही तेवढंच. पाचव्यावर, नवव्यावर, अकराव्यावर, तेवढंच. सहा मिलिमीटर. एवढी सातत्यपूर्ण चूक मी चौदा वर्षांच्या नोकरीत एकाही सोसायटीत पाहिली नव्हती.

"झालं का हो?" गॅलरीतून शालन.

"होतंय," मी म्हणालो.

तात्या आले तेव्हा त्यांच्या अंगाला तुरटीचा वास येत होता. गाल गुळगुळीत, टोपी सरळ. त्यांनी ओट्यावरचा भुसा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. कानामागची पेन्सिल मी काढून खिशात ठेवली.

त्यांनी एका भोकावर करंगळीचं टोक ठेवलं, मग दुसऱ्यावर. हँडल घेऊन वर टेकवलं. "माप कुठनं धरलं?"

"खोक्यावरून. तीनशे वीस. तीनदा मोजलं, तात्या. तुमच्याच पट्टीनं."

"आणा बघू पट्टी."

मी दिली. त्यांनी ती डोळ्यांपाशी नेलीच नाही. अंगठा पट्टीच्या टोकावरून फिरवला. टोकाला कानशीनं घासलेली एक बारीक खाच होती. अंगठा त्या खाचेत अडकला, थांबला, आणि तात्या हसायला लागले. असे हसले की स्टूल ओढून बसावं लागलं.

"पावणं, वाढीची पट्टी हाय ही!"

"म्हणजे?"

"पोलाद ओतलं की गार होताना आकसतं. शंभराला दोन. म्हणून पॅटर्न तेवढा वाढवून करायचा. दर वेळी कोण गणित घालत बसणार? म्हणून पट्टीच वाढीव असती. हिच्यावरचा शंभर म्हंजी खरा एकशे दोन. साध्या पट्टीत चुकून मिसळू नये म्हणून म्या खाच मारून ठेवलीया." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही ड्रॉवर लाकडाचं केलं का पोलादाचं? थांबा, जरा गार होऊ द्या. आकसून बसत्याल हँडलं!"

मीही हसलो. हसण्यासारखंच होतं. आणि त्या क्षणी खाली फाटक वाजलं, पाठोपाठ विलासचा आवाज आला, "दीदी, कुत्रं नाही ना सोडलेलं?" आमच्याकडे कधीच कुत्रं नव्हतं, हा त्याचा नेहमीचा विनोद. पण त्या दिवशी त्याचा सूर वेगळा होता, जिना चढता चढताच म्हणाला, "तात्या आहेत ना घरात? त्यांच्याशी जरा बोलायचंय."

तात्यांचं हसू थांबलं. ते उठले आणि हात पुढे केला. "ते ड्रिल द्या हिकडं."

मला वाटलं, आता काहीतरी युक्ती करणार. पन्नास वर्षांचा हात, करतीलच काहीतरी. मी ड्रिल दिलं. त्यांनी दुसऱ्या हातात तो फर्मा घेतला आणि ड्रॉवरपुढे उभे राहिले. मी निमूट बाजूला सरकलो. डायनिंगच्या खुर्चीपर्यंत सरकलो.

विलास आत आला. "आरं वा, काम चाललंय," म्हणत जवळ गेला, हँडल उचललं, भोकांवर धरलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. तोही त्याच घरातला, त्याला मोजायची गरज नव्हती. त्यानं ओट्यावरची पट्टी उचलली, बघितली आणि खाली ठेवली.

"तात्या," तो म्हणाला, "तिथं वाढीची धरायची तर साधी धरली. इथं साधी धरायची तर वाढीची. आता पट्ट्याच ओळखू येईनात तुम्हाला?"

आता बोलायची पाळी माझी होती. वाक्यही तयार होतं, चारच शब्दांचं: ही भोकं मी पाडली. मी तोंड उघडलं. तात्यांनी माझ्याकडे न बघता फर्मा धरलेला डावा हात जरासा हलवला, ताटात जास्त भात वाढणाऱ्याला आपण थांबवतो तसा.

"चुकलं बाबा," ते विलासला म्हणाले. "नजर गेली आता. माझंच चुकलं."

मी तोंड मिटलं.

शालन रसाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं, वडिलांच्या हातातल्या ड्रिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा तात्या कुठं होते, हे तिला पक्कं माहीत होतं. "ताटं घेते," एवढंच म्हणाली.

"काय बोलायचं होतं रं?" तात्यांनी जेवताना विचारलं.

"काही नाही," विलास म्हणाला. "राहिलं." मी आग्रहाचा रस घेतला. तात्या एकटेच बोलत होते, आंब्याबद्दल, उन्हाबद्दल. निघताना विलास चपला घालता घालता म्हणाला, "तात्या, इथंच राहा. दीदीकडं बरं आहे तुम्हाला." तात्या म्हणाले, "व्हय. बरंच हाय."

तो गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "मी फोन करतो विलासला. सांगतो."

"काय सांगता? बहिणीच्या दाल्ल्याला धड दोन भोकं पाडता येत न्हाईत म्हणून? भाऊ हसंल, मग भावजय हसंल, मग दर सणाला माझ्या पोरीला ऐकावं लागंल. जावयाचं उणं माहेरात न्यायचं नसतं. आन् माझं काय हो? जुन्या भांड्याला एक पोचा जास्त. कुणाला दिसतोय?"

"पण तुमचं परत जायचं..."

"ते आधीच राहिलंवतं," तात्या म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

शालननं संध्याकाळी भांडी लावता लावता विचारलं, "अहो, तात्या सलूनमधून किती वाजता आले?"

"साडेअकरा असतील."

"आणि भोकं?"

मी पेपर उचलला.

"उद्या फोन करा विलासला," ती म्हणाली. "मी भावाला सांगितलं तर नवऱ्याला खाली पाडलं होईल. तुम्ही सांगितलं तर खरं बोलणं होईल."

उद्या करतो म्हणालो. उद्या ऑडिट होतं. परवा कुणाची तरी मुंज होती. मग पाऊस लागला. मग इतके दिवस झाले की आता सांगितलं तर एवढे दिवस का नाही सांगितलं, हाच प्रश्न मोठा झाला असता. दुसऱ्यांच्या हिशेबात अशी रखडलेली बाब दिसली की मी त्यावर तीन पानं लिहीत असे.

भोकं तात्यांनीच दुरुस्त केली. सागाच्या बावीस बारीक खुंट्या तासल्या, सरस लावून भोकांत ठोकल्या, वर घासून सपाट केल्या. मग हँडलंच ड्रॉवरवर ठेवून, बोटांनी चाचपून खुणा केल्या. तीन दिवस लागले. हँडलांच्या पायाखाली सगळं झाकलं गेलं. येणारी-जाणारी माणसं स्वयंपाकघराचं कौतुक करत, आणि तात्या सांगत, "पावण्यांनी लई मदत केली."

त्यानंतर ते सहा वर्षं होते, आमच्याकडेच. कॉलनीतल्या बायकांच्या पोळपाटांना पाय लावून देत, खुर्च्या दुरुस्त करत. उद्यमनगरात पुन्हा पाऊल टाकलं नाही. पेटी पलंगाखाली होती. दर अमावास्येला हत्यारांना तेल लावत आणि परत ठेवत.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही कोल्हापूरला गेलो. जेवणं झाल्यावर विलास मला कारखान्यात घेऊन गेला. आता सगळं संगणकावर होत होतं, खिडकीजवळचं तात्यांचं टेबल तेवढं तसंच होतं, त्यावर रिकामी खोकी रचलेली. विलासनं खोकी बाजूला केली आणि आम्ही दोघं त्या टेबलाला टेकून उभे राहिलो.

"दाजी, एक सांगू? कुणाला सांगितलेलं नाही." तो खोक्याच्या पुठ्ठ्याशी नखानं खेळत होता. "तो पंपाचा पॅटर्न... माप मी धरलं होतं. गडबडीत साधी पट्टी घेतली. माल परत आला, गिऱ्हाईक समोर उभं, मी बोलायच्या आधी तात्याच म्हणाले, माझं चुकलं. नवीन मालक मी, माझा शब्द पडू नये म्हणून म्हणाले असतील. मी गप्प बसलो. मग गप्प बसून बसून चीड यायला लागली, त्यांचीच. म्हणून सांगलीला पाठवले."

मी टेबलावरची धूळ हातानं पुसायला लागलो.

"झोप लागेना. तुमच्याकडं त्या रविवारी मी तेच सांगायला आलो होतो. तात्या, चूक माझी होती, चला घरी. जिना चढलो ते पाठ करत चढलो. आणि आत येऊन बघतो तर ते ड्रॉवर." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दाजी, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, हे आता खरंच चुकायला लागलेत. म्हणजे पंपाचं कबूल करायची गरजच नाही. आज ना उद्या चुकलेच असते."

सात वर्षांपूर्वी तयार ठेवलेलं चार शब्दांचं वाक्य मी त्या टेबलापाशी उच्चारलं. "ही भोकं मी पाडली" मधल्या "ही"च्या जागी "ती" आलं, एवढाच काय तो फरक.

विलासनं टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "पट्टीला खाच होती," तो म्हणाला.

"होती."

"मला माहीत होतं की हो. लहानपणी मीच कानस धरून दिली होती. आंधळे झाले असते तरी तात्यांचा अंगठा चुकला नसता." त्यानं नाक ओढलं. "तरी मानून घेतलं."

"का?"

"सोयीचं होतं, दाजी. तुम्ही का गप्प बसलात?"

"तेच."

बाहेरून शालन हाक मारत होती, गाडीची वेळ झाली म्हणून. आम्ही दोघांनी ती खोकी उचलून टेबलावर होती तशी परत रचली, कारण दुसरं काय करावं ते कुणालाच सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर मी सवयीनं ताळा करून पाहिला. चुकलेली माणसं दोन. विलासचा शब्द राहिला. माझा मान राहिला. शालनचं माहेर हसतं राहिलं. गिऱ्हाईकसुद्धा तुटलं नाही, पुढच्या वर्षी परत आलं. आमच्यापैकी कुणाचं काहीही गेलं नाही. ते सगळं तात्यांनी भरलं, सहा वर्षं, कामाच्या टेबलापासून एका तासाच्या अंतरावर बसून.